चादरीची आतली बाजू

गल्ली तिला डागबाई म्हणायची. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं, कारण गल्लीत काय चाललंय हे तिला माहीत नाही असं सहसा होत नसे. लाँड्रीच्या काउंटरवर कपडा पडला की ती आधी डाग बघायची आणि मग माणूस.

"हे काय सांडलंय?"

"चहा असेल."

"चहा मानेमागे कसा सांडतो?"

"अहो बाई, तुम्ही कपडे धुता की जबानी घेता?"

"धुतेच. पण कशाने धुवायचं ते ठरवायला नको?"

हे खरंही होतं आणि खोटंही. डाग काढायला एवढं पुरे असतं की तो तेलाचा आहे की रंगाचा. तो कुणामुळे पडला, कुठे पडला आणि तेव्हा सोबत कोण होतं, हे साबणाला विचारायचं नसतं. ते डागबाईला विचारायचं असायचं. लग्न होऊन ती या लाँड्रीत आली तेव्हा अशी नव्हती असं तिची नणंद म्हणते. पण बाहीला एक वास आणि तोंडात दुसरंच कारण, असं रोज बघून बघून माणूस कुणावर विश्वास ठेवणार?

दुकान खाली, घर वर. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीची दोन मोठी लाकडी टेबलं, त्यामागे वाफेने कायम ओली राहणारी मशीनची खोली. नवरा सकाळी गाडीत गठ्ठे भरून निघायचा तो संध्याकाळी उगवायचा. एक वाक्य दिवसभर पुरवणारा माणूस. मशीन आणि घड्या नणंदेकडे. नणंद नवऱ्याहून मोठी, लग्न न केलेली, अंगाने भरलेली आणि हसली की हँगर हलवणारी. आणि शाळा सुटली की टेबलांच्या मधे, जमिनीवर, ठिणगी. डागबाईची एकुलती एक. नाव दुसरं होतं, पण जन्मल्यापासून एका जागी न ठरणाऱ्या पोरीला आत्याने हेच नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

ठिणगीला फीट यायची.

हा शब्द त्या घरात उच्चारला जात नसे. 'ते' म्हणायचे. "आज 'ते' आलं होतं." "'त्या'ची गोळी दिलीस?" डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काही कोंबू नका, थांबेपर्यंत तिच्याजवळ राहा आणि तिच्याकडे लक्ष ठेवा. लांबलं तर लगेच घेऊन या. आणि हो, शाळेला सांगून ठेवा.

शाळेला डागबाईने सांगितलं नव्हतं. मागे वर्गातल्या एका दमेकरी मुलाला 'त्याच्याच भल्यासाठी' घरी बसवलं होतं. तो अजून त्याच्याच भल्यासाठी खिडकीत बसलेला दिसायचा. ठिणगीला 'ते' बहुतेक दुपार कलल्यावर यायचं, म्हणजे दुकानात. आणि दुकानासाठी त्यांच्याकडे चादर होती.

ती युक्ती कुणी शोधून काढलेली नव्हती. पहिल्यांदा झालं तेव्हा दोघी एका डबल चादरीची घडी घालत होत्या, काउंटरवर गिऱ्हाईक होतं, आणि पोर मधल्या मधे कोसळली. डागबाईने तिला कुशीवर केलं, टॉवेल सारला आणि उठता उठता चादरीचं टोक वर उचललं. नणंदेने न बोलता दुसरं टोक उचललं. चादर ताठ. गिऱ्हाईकाला दिसल्या दोन बायका आणि मधे एक चादर.

"वन्सं, ताणून धरा. सुरकुती राहतेय."

"धरलीय गं."

"अजून ताणा."

गिऱ्हाईक म्हणालं, "केवढी ती घडी. आज होईल ना?" आणि डागबाई हसून म्हणाली, "हट्टी कापड आहे."

तेव्हापासून एक कोरडी चादर टेबलाजवळच्या खुंटीवर कायम टांगलेली असायची. कुणाच्या गठ्ठ्यातली नव्हती ती. कुणी गिऱ्हाईक आत डोकावलंच तर दोघी चादरीच्या वरून त्याच्याकडे बघत, बोलत, हसत उभ्या राहायच्या. इतकं सफाईदार झालं होतं की कधी कधी डागबाईला स्वतःचाच संशय यायचा.

पुस्तकांबद्दलची अढी नंतरची. शाळेच्या कपाटातून ठिणगीने एक गोष्टीचं पुस्तक आणलं. त्यात एक आजारी मुलगी. गोरीफिकट, गुणी, आपली खेळणी सगळ्यांना वाटून टाकणारी. शेवटच्या पानावर ती आभाळात तारा होते आणि खाली सगळे डोळे पुसतात. डागबाई कॉलर दाबत होती तेव्हा खालून आवाज आला.

"आई, किती चांगलं वागलं की तारा होतात?"

"कोण तारा होतं?"

"आजारी मुलगी. चांगली वागते, वागते, आणि मग तारा. मी नाही वागणार चांगली."

दुसऱ्या दिवशी आत्याच्या चहात कपड्यांचा चिमटा निघाला. आत्याच्या शिवणाच्या डब्यातली बटणंही तेव्हापासूनच कमी व्हायला लागली. आत्या हसली. डागबाई नाही हसली. तिने ते पुस्तक कुणी न नेलेल्या पडद्यांच्या ढिगाखाली घातलं आणि शाळेला हरवलं म्हणून कळवलं. आजारी पोरांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांचं स्वतःचं पोर कधी फरशीवर पडलं नसणार, असं तिचं पक्कं मत झालं.

आणि नेमकी तशीच एक बाई समोरच्या माडीवर भाड्याने राहायला आली.

तिचा पहिला कोट काउंटरवर आला तेव्हा डागबाई बघतच राहिली. एका बाहीवर एवढे डाग तिने जन्मात पाहिले नव्हते.

"हे काय आहे?"

"रंग. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते मी. गोष्टीही लिहिते."

"कसल्या गोष्टी?"

"पुस्तकांत सहसा ज्यांना कुणी घेत नाही त्या मुलांच्या. ऐकू न येणारी, चालता न येणारी, सारखी आजारी पडणारी."

डागबाईने हातातली इस्त्री उभी ठेवली. "आणि शेवटी त्यांचं काय होतं? तारे?"

"नाही हो," चित्रवाली हसली, "शेवटी बहुतेक जेवायला बसतात."

"कोट चार दिवसांनी," डागबाई म्हणाली.

पण चित्रवाली चार दिवस कशाची थांबते. रोज काहीतरी घेऊन यायची, रुमालसुद्धा, आणि दिला की जायची नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची, पाय हलवत. घाई नसलेलं गिऱ्हाईक डागबाईने आजवर पाहिलं नव्हतं. त्यात ती ठिणगीशी बोलायची. डागबाई मशीनच्या खोलीतून बाहेर आली की दोघी गप्प.

"काय चाललंय?"

"काही नाही," ठिणगी म्हणायची. पोरीला खोटं बोलताना नाक ओढायची सवय होती. तिने नाक ओढलं.

एकदा चित्रवालीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती चादर नेहमी तिथेच असते ना?"

"लाँड्री आहे ही. चादरी नाही तर काय झुंबर टांगू?"

चित्रवालीने मान डोलावली. पण डागबाईला ती मान आवडली नाही.

मग एक दिवस धुवायच्या आधी खिसे तपासताना कोटाच्या खिशातून एक चुरगळलेला कागद निघाला. पेन्सिलीने काढलेले हात. दोन या टोकाला, दोन त्या टोकाला, आणि मधे ताणलेली चादरीची कड. बाकी काही नाही. पण एका मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी चट्टा होता. डागबाईने बाही वर केली आणि आपल्या मनगटावरचा चट्टा त्या कागदाशेजारी धरला.

ती मशीनच्या खोलीत गेली.

"वन्सं, त्या चित्रवालीशी काय काय बोलता तुम्ही?"

"हवा, पाणी, गुडघे."

"आणि?"

"आणि काय? तिला माझे गुडघे आवडले नाहीत, विषय संपला."

डागबाईने कागद पुढे केला. नणंदेने हात पुसून तो घेतला, लांब धरून पाहिला. तिचं हसू हळूहळू उतरलं.

"मी सांगितलं असं म्हणतेस?"

"घरातल्या माणसांशिवाय हे कुणाला माहीत नाही. मी नाही सांगितलं. तुमच्या भावाला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. आणि पोरीला त्या वेळी शुद्ध नसते, तिला काय दिसणार? मग राहिलं कोण?"

"मी राहिले," नणंद म्हणाली.

ती बाहेर गेली. खुंटीवरची चादर काढली, एकटीने चार घड्या घातल्या आणि काउंटरवर ठेवली.

"आजपासून तूच धर. दोन्ही टोकं."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं कपड्यांपुरतं उरलं. "पांढरे झाले?" "झाले." हँगर हलेनासे झाले. ठिणगी एकीकडून दुसरीकडे बघायची आणि टेबलाखाली सरकायची.

आणि तशात शाळेच्या मोठ्या बाई आपला काळा कोट घेऊन आल्या. त्यांचा कोट नेहमी स्वच्छ असायचा, त्यामुळे डागबाईला त्यांची जास्तच भीती वाटायची.

"समोर राहतात ना त्या चित्रकार बाई, त्या येताहेत आमच्याकडे या आठवड्यात. नवीन पुस्तक आहे. छापायच्या आधी मुलांना वाचून दाखवणार. गोष्ट लाँड्रीतली आहे म्हणे. तुम्हीही या ना, तुमची ठिणगी खूश होईल."

"येते की," डागबाई म्हणाली. तिला तो वर्ग दिसला, ते चित्र दिसलं, सगळ्या माना एकदम ठिणगीकडे वळलेल्या दिसल्या. आणि मग खिडकीतला तो दमेकरी मुलगा दिसला, त्याच्या शेजारी अजून एक खुर्ची.

चित्रवालीचा कोट तयारच होता. तो हातावर टाकून ती थेट समोरच्या माडीवर गेली. दार उघडंच होतं. खोलीभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर, कपडे वाळत घालावेत तसे, कागद.

"हे चिमटे आमचे आहेत," डागबाई म्हणाली.

"हो. ठिणगीने दिले. तुम्हाला विचारून आणले म्हणाली."

"नाक ओढलं होतं का तेव्हा?"

चित्रवाली उठून उभी राहिली. "मी तुमच्याकडे येणारच होते. तुम्हाला दाखवल्याशिवाय शाळेत नेणार नव्हते."

"मोठ्या बाईंना माहीत आहे. मला माहीत नाही. याला काय म्हणायचं?"

"चूक," चित्रवाली म्हणाली. "आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. तुमची मला भीती वाटते."

असं सरळ उत्तर येईल हे डागबाईने धरलं नव्हतं. ती दोरीकडे वळली, भांडण जरा बाजूला ठेवून. चित्रांतली मुलगी गोरीफिकट नव्हती. तिचे गुडघे काळे होते. एका कागदावर ती आत्याच्या चहात चिमटा टाकत होती. एकावर शिवणाच्या डब्यात हात घालून चोरासारखी मागे बघत होती. डागबाईच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तो जागेवर आणला.

मग एक मोठा कागद आला. जवळजवळ कोरा. नीट बघितल्यावर कळलं की तो कोरा नाही, ती चादर आहे. उजेड पलीकडून येत होता, चादरीवर कुणा गिऱ्हाईकाची सावली होती. दोन बाजूंना टाचांच्या दोन जोड्या, मोठ्या, झाडांच्या बुंध्यांसारख्या. वर नजर नेली की पदर नव्हते, चेहरे नव्हते. दोन पाठी आणि दोन अंबाडे. आणि कागदाच्या अगदी वरच्या कडेला, टेबलाच्या फळीच्या खालच्या अंगाला, रंगीत ठिपक्यांची एक रांग.

"हे काय आहे?" डागबाईने विचारलं. डाग दिसला की विचारायची, तसंच.

"बटणं. तिने सांगितलं तशी काढली. मी पाहिलेली नाहीत."

"आणि आमची तोंडं का नाही काढली?"

"ती म्हणाली, दिसत नाहीत."

डागबाईने कोट खुर्चीवर ठेवला. "हे शाळेत वाचायचं नाही."

"नाही वाचणार."

"छापायचंही नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," चित्रवाली म्हणाली, आणि तिने तो मोठा कागद चिमट्यातून सोडवून तिच्यापुढे धरला. "हा न्या. तुमचाच आहे."

डागबाईने तो घेतला नाही. ती उतरली, रस्ता ओलांडला, दुकानात शिरली. नणंद घड्या घालत होती. मान वर केली नाही. ठिणगी दारातल्या पायरीवर मांजराला काहीतरी समजावत होती. डागबाईने पहिल्या टेबलाच्या फळीखाली हात घातला आणि चाचपत गेली. लाकूड, लाकूड, एक खिळा. मग गोल, थंड, गुळगुळीत, डिंकाने चिकटवलेलं. मग अजून एक. हात संपेपर्यंत रांग होती.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमची बटणं सापडली. चित्रवालीच्या कागदावर हीच रांग आहे."

नणंद आली. तिला वाकायला वेळ लागला, गुडघ्यांनी दोनदा तक्रार केली. शेवटी ती जमिनीवर बसलीच आणि तिने मान वाकडी करून वर पाहिलं.

"अगंबाई. माझं निळं. मी त्यासाठी सगळं घर उलटं केलं होतं." मग तिने तिथूनच डागबाईकडे पाहिलं. "म्हणजे इथून बघितलेलं आहे ते."

"हो."

"इथे मी कधी पडले होते का?"

"नाही."

"मग?"

"मग काय. चुकले मी. आता उठा, गिऱ्हाईक येईल."

"उठवत नाही. हात दे," नणंद म्हणाली, आणि हात धरून उठता उठता, "माझ्या टाचा आल्यात का चित्रात?"

"आल्यात. भेगांसकट."

हँगर हलले.

दुकानातली वर्दळ ओसरल्यावर डागबाई ठिणगीजवळ जमिनीवर बसली. ती कधी जमिनीवर बसत नसे, त्यामुळे ठिणगीने तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"तुला दिसतं? 'ते' येतं तेव्हा?"

"येतं तेव्हा नाही. जातं तेव्हा." ठिणगीने आईला राग आलाय का ते पाहिलं. "आधी तुझा आवाज येतो. सुरकुती, सुरकुती. मग सगळं पांढरं. मग टाचा. मग मी बटणं मोजते. सगळी बरोबर आली की मी बरी झाले."

"हाक का मारत नाहीस मला?"

"गिऱ्हाईक असतं ना," ठिणगी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. आईला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, एवढंच होतं.

डागबाई उठली. काउंटरवर जाऊन तिने पुसलेलं काउंटर पुन्हा पुसलं. ती त्याच त्या जागी फडकं फिरवत राहिली; नणंदेने पाहिलं आणि घडी घातलेली चादर उचलून पुन्हा खुंटीवर टांगली.

मोठ्या बाई कोट न्यायला आल्या तेव्हा दुपार कलत आली होती. "चित्रकार बाईंनी वाचन रद्द केलं," त्या म्हणाल्या. "कारण सांगितलं नाही. तुम्हाला काही माहीत आहे?"

"मला कसं माहीत असणार?" डागबाई म्हणाली. मोठ्या बाईंनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर डागबाईला चांगली ओळखीची होती. ती स्वतः रोज लोकांकडे तसंच बघायची.

ती हँगरवरून कोट काढत होती आणि मागे आवाज आला. काहीतरी पडल्याचा, मऊ आणि जड.

पुढचं हातांनीच केलं. कुशीवर, टॉवेल, चादर. दुसरं टोक नणंदेने कधी उचललं तेही कळलं नाही. चादर ताठ, मोठ्या बाई पलीकडे, काळा कोट काउंटरवर.

"वन्सं, ताणून धरा," डागबाई म्हणाली. "सुरकुती..."

पुढचं तोंडातून निघेना. समोर मोठ्या बाईंचा चेहरा होता, थोडा वाकडा, काय चाललंय ते ताडणारा. आणि पायाशी, तिच्या टाचांच्या मागे, पोर होती. दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. इतकी वर्षं ती कुणीकडे बघत होती?

तिने मान मागे वळवली. मान पुरेना, म्हणून खांदे वळवले. मग ती गुडघ्यांवर बसली, आणि तिच्या हातातलं चादरीचं टोक तिच्याबरोबर खाली आलं.

"काय झालं? काय होतंय तिला?" मोठ्या बाईंचा आवाज.

"फीट," डागबाई म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली, आणि नणंदेने दचकून तिच्याकडे पाहिलं. "तिला फीट येते. औषध चालू आहे. थांबेल आता. तुमचा कोट तिथे ठेवलाय, पण मला वळता यायचं नाही."

काउंटरची फळी उचलल्याचा आवाज आला. बूट पुढे आले आणि थांबले. मोठ्या बाई जवळ येताहेत का दाराकडे निघाल्यात, त्या काय विचार करताहेत, उद्या काय म्हणतील, खिडकीतल्या मुलाशेजारी खुर्ची मांडली जाणार का, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. तिने मागे बघितलं नाही. ती ठिणगीच्या पापण्यांकडे बघत राहिली. नणंद आपलं टोक तसंच हातात धरून उभी होती, अर्धी चादर वर आणि अर्धी जमिनीवर.

झटके विरत गेले. श्वास लांब झाला. खूप वेळाने ठिणगीचे डोळे उघडले, नेहमीप्रमाणे वर फळीकडे गेले, आणि बटणांपर्यंत पोचायच्या आधीच मधे अडले. मधे आईचं तोंड होतं.

ठिणगीने ते बराच वेळ निरखलं, अनोळखी डाग निरखावा तसं.

"गिऱ्हाईक गेलं?" तिने जड जिभेने विचारलं.

"नाही," डागबाई म्हणाली. "उभं आहे अजून."